नऊ दिवस ताप, डेंग्यू-मलेरिया निगेटिव्ह, आता स्क्रब टायफसची टेस्ट?

शहाद्याकडचे आम्ही, वडील रोज कपाशी निंदायला जातात, ताप उतरेच ना, आता डॉक्टर म्हणताहेत स्क्रब टायफससाठी आयजीएम एलायझा नावाची रक्ताची टेस्ट करा. हे काय नवीन?

↪ नवीन नाही भो, कोणी शोधत नाही म्हणून सापडत नाही. गवतातल्या माइटची (अगदी बारीक किड्याची) अळी चावते, तिच्यातून ओरिएन्शिया नावाचे बॅक्टेरिया अंगात जातात, त्यांनीच स्क्रब टायफसचा ताप येतो. टेस्टमध्ये रक्तातल्या अँटीबॉडी बघतात, पण त्या साधारण आठवड्याने दिसतात, म्हणून तिसऱ्या दिवशीचा निगेटिव्ह खरा धरू नका.

↪ काखेत, जांघेत सिगारेटच्या चटक्यासारखी काळी खपली आहे का बघा, दुखत नाही म्हणून कोणी सांगत नाही. आणि नुसत्या वेल-फेलिक्सवर राहू नका, जुनी टेस्ट, बरेच पेशंट सुटतात.

↪ खपली आहे, काखेत! रक्त दिलं, रिपोर्टची वाट न बघता डॉक्टरांनी डॉक्सी (डॉक्सीसायक्लिन, अँटिबायोटिक गोळी) चालू केली.