मदत हवी आहे: रिग्रेशनमध्ये तालुका कसा टाकायचा?

तापीकाठ: सोमवारी प्रोजेक्ट दाखवायचाय. केळीच्या राशीचं (घडाचं) वजन सांगणारं मल्टिपल रिग्रेशन (अनेक कॉलमांवरून एक आकडा काढायचं गणित) केलं, उत्तरं साफ चुकतायत. रावेरच्या बागांना जमतं, मुक्ताईनगरला चार किलो कमी दाखवतं. सर म्हणाले, पुन्हा करून बघ. लवकर सांगा कोणीतरी.

आकडेमोड: कशात केलं? बागा किती? तालुका नेमका कसा लिहिलाय?

शेतीमित्र: रास तालुक्यावर नाही, पाण्यावर न् खतावर ठरते. ठिबकमधून पोटॅश सोड. माझी मागच्या साली २६ किलोची पडली.

तापीकाठ: दादा, खताचा कॉलम आहे. एक्सेलमध्ये केलं, ६४ बागा. प्रत्येक बागेतल्या वीस राशी स्वतः काट्याला लावल्यात, शर्टावरचे चिकाचे डाग अजून गेले नाहीत. रावेर १, यावल २, चोपडा ३, मुक्ताईनगर ४. लागवडीचा प्रकार: मृगबाग (पावसाळ्याच्या सुरुवातीची) १, कांदेबाग (पावसाळ्यानंतरची) २.

आकडेमोड: घोळ तिथेच आहे. एक्सेलला ते क्रमांक नाही, माप वाटतं. यावलपेक्षा चोपडा जेवढा 'जास्त', तेवढाच चोपड्यापेक्षा मुक्ताईनगर. रावेर-मुक्ताईनगर शेजारी, तुम्ही त्यांना दोन टोकांना बसवलंत. प्रत्येक तालुक्याला ०-१ चा वेगळा कॉलम (डमी) करा: बाग त्या तालुक्यातली असेल तर १, नाहीतर ०. लागवडीचे दोनच प्रकार, तिथे १-२ चालून जातं. ०-१ केलंत तर वाचायला सोपं.

पायथॉनवाला: रिग्रेशन सोड, रँडम फॉरेस्ट (पुष्कळ निर्णयवृक्षांचं मॉडेल) लाव. डमी-बिमीची भानगडच नको.

आकडेमोड: ६४ ओळींवर? आणि पायथॉनच्या नेहमीच्या लायब्ररीत तालुक्याचे आकडे तिथेही करावेच लागतात. त्याला सरांसमोर सहगुणक (कुठल्या कॉलमने वजन किती बदलतं ते आकडे) समजावून सांगायचेत.

पायथॉनवाला: भाकीत बरोबर आलं की झालं, सहगुणक कोण विचारतं?

तापीकाठ: सर विचारतात. चार कॉलम केले, पण एका तालुक्याचा सहगुणक ० आणि पी-व्हॅल्यूत (फरक निव्वळ योगायोगाचा असू शकतो का, ते बघायचा आकडा) एरर.

आकडेमोड: चारही ठेवलेत. प्रत्येक ओळीत त्यांची बेरीज १ होते, एक्सेल आपणहून धरतं तो स्थिरांकाचा कॉलमही १ चाच. तीच माहिती दोनदा गेली. एक काढा. रावेरच्या बागा जास्त असतील तर रावेर काढा. मग यावलचा आकडा म्हणजे बाकी सगळं सारखं असताना रावेरपेक्षा किती कमी-जास्त.

केळीवाला: सीएमव्हीचा (केळीवरचा विषाणूरोग) कॉलम आहे का? आमच्याकडे अर्धी बाग त्यात गेली. वर भाव बुऱ्हाणपूरचा बाजार बघून ठरणार.

तापीकाठ: काका, ती झाडं उपटली जातात, राशीत येत नाहीत. जमलं! मुक्ताईनगर उणे ०.३ आलं. आता मामांची भडगावची बाग. डेटात भडगाव नाही, तिन्ही कॉलम शून्य ठेवू?

आकडेमोड: नको! तिन्ही शून्य म्हणजे रावेर. गिरणाकाठची बाग तुम्ही तापीकाठची म्हणून मोजाल, आकडा येईल, आणि तो चुकला हे शीटमध्ये कुठेच दिसणार नाही. तिकडच्या आठ-दहा बागा तरी आणा, चौथा कॉलम करा.

तापीकाठ: सोमवारपर्यंत कुठून आणू?

शेतीमित्र: माझी सासुरवाडी भडगावकडची. रविवारी ये. नऊ-दहा जणांच्या काटापट्ट्या मिळतील. एकूण वजन न् राशींची संख्या दोन्ही असतं त्यावर.

तापीकाठ: येतो दादा. मृगबाग की कांदेबाग, तेवढं प्रत्येकाला आधीच विचारून ठेवा. खताचंही.