न आलेल्या संगणकाचे 'फुटलेले' फोटो: गंमत की फसवणूक?

टिपकागद (धागाकर्ता)

पुढच्या आयमॅकचा (ॲपलच्या मॅक संगणकांपैकी पडद्यासकट येणारा) म्हणून एक फोटो सध्या व्हॉट्सॲपवर फिरतोय. काळ्या टेबलावर काचेसारखा पातळ पडदा, मागे अंधुक कारखाना, कोपऱ्यात कुणाचा तरी अंगठा. खाली मजकूर, 'आतल्या माणसाने काढलाय'. यंत्राला वीज कुठून मिळते हे चित्रात कुठेच दिसत नाही. फोटो बनावट आहे हे मी गटात दाखवून दिलं, तर उत्तर आलं, 'असू द्या हो, गंमत आहे.'

मला ही गंमत वाटत नाही. आपल्या मनातलं यंत्र काढून त्यावर 'ही माझी कल्पना' असं लिहिणाऱ्याबद्दल मला आदर आहे. पण तेच चित्र मुद्दाम अंधुक करायचं, त्यात अंगठा घालायचा आणि 'फुटलेला', म्हणजे कंपनीतून गुपचूप बाहेर आलेला, फोटो म्हणून सोडून द्यायचं, ही वाचकाची फसवणूक आहे. कंपनीचं त्यात काहीही बिघडत नाही.

हा खेळ जुना आहे. १ जुलै २००४ ला ॲपलने जाहीर केलं की चालू आयमॅकच्या ऑर्डरी बंद, नवा सप्टेंबरात येईल. चालू आयमॅक म्हणजे अर्धगोलाच्या बैठकीवर चकचकीत दांड्याने तोललेला पडदा. आपलं नियोजन चुकलं, हेही कंपनीने त्याच निवेदनात कबूल केलं होतं. जुना मिळत नाही, नवा कुणी पाहिलेला नाही. अशा त्या दोन महिन्यांत खोट्या फोटोंचं पेव फुटलं. ३१ ऑगस्टला पॅरिसमध्ये ॲपलच्या फिल शिलरने खरा आयमॅक दाखवला (कंपनीचा प्रमुख स्टीव्ह जॉब्स तेव्हा शस्त्रक्रियेतून सावरत होता). सगळा संगणक पडद्याच्या मागे, जेमतेम दोन इंच जाडीत.

यातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट थोडी आधीची आहे. २००२ च्या आयमॅकसाठी ॲपलचा डिझाइनर जॉनी आयव्हने सुरुवातीला असाच, सगळं पडद्यामागे बसवलेला नमुना केला होता. जॉब्सने तो नाकारला. पडदा सपाट आहे तर त्याच्या पाठीवर ओझं कशाला, आणि आडवी बसू पाहणारी डिस्क उभी कशाला करायची, असा त्याचा आक्षेप होता. जॉब्सच्या घरामागच्या बागेत, तो आयव्हबरोबर फिरताना, सूर्यफुलांमध्ये, दांड्यावरच्या पडद्याची कल्पना पुढे आली. म्हणजे जो आकार कुणालाही पहिल्या फटक्यात सुचतो, तो बनवणाऱ्यांनी विचार करून बाजूला ठेवला होता आणि काही वर्षांनी पुन्हा हाती घेतला. खोटा फोटो करणाऱ्याला यातलं काहीच करावं लागत नाही. त्याच्या यंत्राला उष्णता नसते, वजन नसतं, डिस्क नसते. तो 'फोटो' बघून जो माणूस खऱ्या यंत्राला नावं ठेवतो, त्याच्यापासून डिझाइनमधली खरी मेहनत लपवली गेलेली असते.

सह्यकडा

तीव्र असहमत. मी औद्योगिक डिझाइन शिकलो. आमच्या पिढीतले कितीतरी जण न आलेली यंत्रं काढूनच त्रिमितीय चित्रण शिकले. प्रकाश, सावली, पदार्थाचा पोत, सगळं.

आणि हा धूर कोण करतं ते आधी बघा. जानेवारी २००२ मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोच्या मॅकवर्ल्ड या मॅकच्या प्रदर्शनाआधी, ॲपलने स्वतःच्या संकेतस्थळाच्या मुखपृष्ठावर रोज एक ओळ टाकली होती. त्यातल्या एकीचा अर्थ होता, अफवांच्या संकेतस्थळांच्याही पलीकडचं काहीतरी येतंय, फार पलीकडचं. लोकांना दिवस मोजायला कंपनीच सांगते, कारखान्याला कुलूपही कंपनीच लावते, आणि रिकामी जागा लोकांनी चित्रांनी भरली की दोष लोकांचा? ही लोकांची मागणीसुद्धा असते. पडद्याशिवायचा स्वस्त मॅक लोक वर्षानुवर्षं मागत होते, काढत होते. जानेवारी २००५ ला मॅक मिनी आला, ४९९ डॉलरला.

टिपकागद

मागणी करायला खोटं कशाला बोलावं लागतं? 'मला असा मॅक हवा' लिहा आणि खाली चित्र टाका. ते मी आवडीने बघेन. तुमच्या शिक्षणावर माझा आक्षेपच नाही. माझा आक्षेप अंगठ्यावर आहे. तो अंगठा पोत शिकण्यासाठी घातलेला नसतो, विश्वास बसावा म्हणून घातलेला असतो.

सह्यकडा

मी माझ्या प्रत्येक चित्रावर 'संकल्पना' असं लिहितो. ते पुढे कापून पाठवलं जातं. मग गुन्हेगार मी की कापणारा?

टिपकागद

कापणारा. पण कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलेलं कापलं जाणार हे आता आपल्या सगळ्यांना माहीत आहे. यंत्राच्या अंगावरच मोठ्या अक्षरात लिहा.

सह्यकडा

मग चित्र बघायचं कशाला? चित्राचा जीव घेऊन प्रामाणिकपणा सिद्ध करायचा, हे मला मान्य नाही.

खिळे_आणि_फर्मा

मी छपाईच्या धंद्यातला. तुम्ही दोघं चित्रकाराबद्दल बोलताय, मी गिऱ्हाइकाबद्दल बोलतो. आमच्याकडे तेव्हा मासिकांची आणि लग्नपत्रिकांची कामं मॅकवर चालायची. यंत्र म्हणजे कर्ज काढून घ्यायची वस्तू. २००४ मध्ये आमच्याच ओळीतला एक डीटीपीवाला (संगणकावर छपाईची पानं लावणारा) असा एक फोटो बघून थांबला. 'नवा येतोय, पडदा सुटा होतो, किंमत अर्धी', असं त्याला कुणीतरी त्या चित्रासकट सांगितलं होतं. दिवाळी अंकांची कामं तोंडावर, जुनं यंत्र दर तासाला अडकायचं. नवा आयमॅक आला तेव्हा त्याची किंमत होती अमेरिकेत १२९९ डॉलरपासून पुढे, इथे कर वेगळे. पडदा सुटा वगैरे काही नाही. तोवर दोन अंकांची कामं दुसरीकडे गेली होती. ज्याने तो फोटो केला त्याला हे कधी कळणारही नाही. म्हणून 'कुणाचं काय नुकसान' हे वाक्य मला ऐकवत नाही.

सह्यकडा

वाईट वाटलं, मनापासून. पण कर्ज काढून घ्यायच्या वस्तूचा निर्णय निनावी चित्रावर घेतला जात असेल तर तिथे विक्रेत्याने सल्ला द्यायला हवा होता. बातमी खरी असती तरी तो थांबलाच असता ना?

खिळे_आणि_फर्मा

खरी असती तर थांबण्याचं फळ मिळालं असतं.

अटकेपार

सॅन होजेहून. कंपनीचं काही बिघडत नाही हे धागाकर्त्यांचं म्हणणं बरोबर आहे, आणि त्याचा पुरावा कोर्टात सापडतो. मला त्यात जास्त गंभीर अन्याय दिसतो.

सह्यकडा यांनी मॅक मिनीचा उल्लेख केला. त्याची बातमी थिंक सिक्रेट या ॲपलच्या आतल्या बातम्या देणाऱ्या संकेतस्थळाने डिसेंबर २००४ च्या अखेरीस दिली होती. किमतीसकट, शब्दांत, आणि बरोबर. ते चालवत होता हार्वर्डमध्ये शिकणारा एक विद्यार्थी. ४ जानेवारी २००५ ला ॲपलने त्याच्यावर खटला भरला. मॅक मिनी त्यानंतर आठवड्याभरात जाहीर झाला. डिसेंबर २००७ मध्ये तडजोड झाली. बातमी देणाऱ्याने आपले स्रोत उघड केले नाहीत, पण संकेतस्थळ बंद केलं. त्याच सुमाराच्या दुसऱ्या प्रकरणात, एका ध्वनिमुद्रणाच्या उपकरणाच्या बातमीवरून, ॲपलला बातमीचे स्रोत हवे होते. मे २००६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने सांगितलं की ऑनलाइन बातमी देणाऱ्यांनाही पत्रकारांचं संरक्षण आहे.

आता याच्या शेजारी २००२ च्या जानेवारीतली स्पायमॅक या अफवांच्या संकेतस्थळावरची 'आयवॉक' ठेवून बघा. हातात मावणाऱ्या संगणकाचे फोटो, चित्रफितीसुद्धा. सगळं बनावट. असं यंत्र कधी आलंच नाही. खोटं दाखवणाऱ्याला गुपित फोडल्याचा धोका नसतो, कारण फोडायला गुपितच नसतं. जो माणूस चार जणांना विचारून, पडताळून लिहितो, त्याच्या दारात वकील उभा राहतो. म्हणून बनावट फोटोंना 'कंपनीविरुद्धचं बंड' म्हणणाऱ्यांशी मी अजिबात सहमत नाही. खऱ्या बातमीचा आवाज त्यांच्यामुळे बुडतो आणि कंपनीचं काम आपोआप होतं.

सह्यकडा

खटल्यांचा मुद्दा वजनदार आहे. पण त्यातून निघतं ते एवढंच की कंपन्यांनी खऱ्या बातमीदारांना छळू नये. चित्रं काढणाऱ्यांनी हात आवरावा, हे त्यातून कसं निघतं?

खटपट्या

दुरुस्तीच्या टेबलावरून थोडं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये ब्लूमबर्ग या वृत्तसंस्थेच्या मार्क गुरमनने लिहिलं की नवा मॅक मिनी बराच लहान होणार. फक्त मजकूर. लगेच चित्रांचा पूर आला. ऑक्टोबरच्या अखेरीस यंत्र आलं, पाच इंच बाय पाच इंच, उंची दोन इंच. सुरू करायचं बटण तळाशी, कोपऱ्यात! माझ्या पाहण्यातल्या एकाही चित्रात ते तिथे नव्हतं.

फोटो समोर आला की मी तीन गोष्टी बघतो. हवा आत कुठून जाते आणि बाहेर कुठून येते. जोडण्यांची भोकं खऱ्या मापाची आहेत का. चकचकीत भागात आजूबाजूच्या खोलीचं प्रतिबिंब जुळतं का. पूर्वी तिसऱ्या गोष्टीत लोक सापडायचे. आता चित्र बनवणारी साधनं प्रतिबिंब जवळपास बरोबर देतात, पण हवेचा रस्ता त्यांना अजून कळत नाही. धाग्यातल्या फोटोत तोच नाहीये. तेवढ्या पातळ काचेत आजची चिप पंख्याशिवाय कदाचित बसेलही, पण वायरच नाही म्हणजे प्रश्न मिटला.

सह्यकडा, तुमच्याकडून मला एकच हवं आहे. तुमच्या चित्रात हवेचा रस्ता काढा. मग ते 'संकल्पना' म्हणूनही शंभर पट चांगलं होईल आणि आमच्यासारखे लोक त्यावर वादही घालू शकतील.

सह्यकडा

हे मात्र करतो. पुढच्या आठवड्यात माझं एक डेस्कटॉपचं चित्र टाकतो, मागची बाजू आणि आतला छेद दोन्ही. यंत्राच्या अंगावर मोठी अक्षरं लिहिणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

खिळे_आणि_फर्मा

छेद टाकलात तर अक्षरं नकोत. आतला छेद कुणी 'कारखान्यातला फोटो' म्हणून पुढे पाठवणार नाही. टाका, वाट बघतो.