मदत हवी आहे: शेवटी १ आहे, तरी १०० ने भाग जातो?

कातळसडा: भाचीचं गणित प्रदर्शन उद्या सकाळी. गुहागरात लाईट ये-जा करतेय, त्यात हे. संख्या मूळ आहे का बघायचंय. ३ आणि ११ च्या कसोट्या लावल्या, भाग जात नाही. पण १०० ने भागलं तर उत्तर अख्खं, दशांशचिन्हच नाही! लवकर सांगा.

दर्यावर्दी: संख्या कुठली ते लिहायचं राहिलं की!

कातळसडा: ओळीने एक, सतरा वेळा. १७ मूळ म्हणून तीही मूळ, असं तक्त्यावर रंगवूनही झालंय.

मालवणी_खाक्या: मेल्या, भागाकार कागदार केलंस की मोबायलात? ता आधी सांग.

कातळसडा: स्प्रेडशीटमध्ये. कागदावर कोण करत बसणार?

अंकवेडी: तिथेच घोळ. शीट १५ अंक धरते, पुढच्यांची शून्यं करते. सेलवर क्लिक करून वरच्या पट्टीत बघा, शेवटी ०० दिसेल. तिला विचाराल तर ३ नेही भाग जातो, कारण तिच्याकडच्या अंकांची बेरीज १५, तुमची १७. पायथन या संगणकभाषेत करा.

शुभांक: १ + ७ = ८, शनीचा अंक. भाचीची जन्मतारीख पाठवा.

अंकवेडी: अजिबात पाठवू नका.

निवृत्त_मास्तर: मूळ प्रश्नाचं काय? नियम एकाच बाजूने चालतो. १८ एक घेतले तर ११ ने भाग जाणारच. पण एकांची गिनती मूळ असली म्हणून संख्या मूळ ठरत नाही. १११ = ३ × ३७. ११,१११ = ४१ × २७१. सात एक = २३९ × ४६४९.

अंकवेडी: सतरावालीही फुटते: २०७१७२३ × ५३६३२२२३५७. तिचा कुठलाही मूळ अवयव ३४ च्या पटीत १ मिळवूनच येतो, म्हणून १०३, १३७, २३९ असे मोजकेच तपासायचे. पहिला सापडतो ३४ × ६०९३३ + १ वर.

दर्यावर्दी: त्यापेक्षा वर्ग करा. १११ चा १२३२१, नऊ एकांचा १२३४५६७८९८७६५४३२१. गणिती कापरेकरांच्या डेम्लो संख्या! १९०५ साली डहाणूत जन्मलेले, आपले कोकणातले. डेम्लो म्हणजे हल्लीचं डोंबिवली स्टेशन, तेही कोकणच.

मालवणी_खाक्या: डोंबिवलीक समुद्र खय आसा?

दर्यावर्दी: सरकारी कोकण विभागात ठाणे जिल्हा येतो. बघून घ्या.

निवृत्त_मास्तर: तक्ता वाचवायचा तर १९ एक करा, ती संख्या खरंच मूळ आहे. २३ वालीही.

कातळसडा: दोन एक कडेला कोंबले. मूळ कशावरून, असं परीक्षकांनी विचारलं तर?

निवृत्त_मास्तर: वर्गमूळ १०६ कोटींच्या आत. तिथपर्यंत ३८ च्या पटीत १ मिळवून येणारे आकडे संगणकाने तपासायचे, एकानेही भाग जात नाही. पोरीला १११ चं उदाहरण फळ्यावर करता आलं पाहिजे, तेवढं आज करून घ्या.

मालवणी_खाक्या: ठाण्याक खाडी आसा, ती पण डोंबिवलीच्या नावार लावतलास?