मदत हवी आहे: पत्ता एकच, आकडे दोन. हे कसं?

नमस्कार मंडळी. मी सांगलीचा, मार्केट यार्डात एका हळद अडत्याकडे हिशेब लिहितो. शिक्षण बी. कॉम. मुलगी कॉम्प्युटरचा डिप्लोमा करतेय. तिचं ऑपरेटिंग सिस्टिमचं पुस्तक चाळता चाळता मलाच नाद लागला. आता ती म्हणते, "बाबा, पेपरला तुम्हीच बसा."

प्रोसेस म्हणजे चालू असलेला प्रोग्राम, इथवर ठीक. राउंड रॉबिन तर लगेच पटलं. हंगामात पट्टीसाठी गर्दी झाली की मीही प्रत्येक शेतकऱ्याला थोडा थोडा वेळ देतो, उरलेलं पुढच्या पाळीला. (शिव्या बसतात, पण कुणी उपाशी राहत नाही.)

अडलंय मेमरीपाशी. जुन्या लॅपटॉपवर उबुंटू टाकलंय, रॅम ४ जीबी. सी मध्ये छोटा प्रोग्राम लिहिला: एक व्हेरिएबल, किंमत १०. मग फोर्क, म्हणजे चालू प्रोसेसची (पॅरेंट) हुबेहूब दुसरी प्रत (चाइल्ड) काढणं. चाइल्डमध्ये किंमत २० केली आणि दोघांकडून किंमत व तिचा मेमरीतला पत्ता छापून घेतला. चाइल्ड म्हणतो २०, पॅरेंट म्हणतो १०, आणि पत्ता दोघांचा तंतोतंत तोच! पुन्हा चालवलं की पत्ता बदलतो, पण त्या खेपेलाही दोघांचा सारखाच.

मुलगी "तो व्हर्च्युअल असतो" म्हणून मोकळी झाली. व्हर्च्युअल म्हणजे खोटा ना? मग खोट्या पत्त्यावर खरा आकडा कसा सापडतो? शंका म्हणून ५०० एमबीचा ॲरे भरून फोर्क केलं, तर फ्री कमांडमध्ये (ती मोकळी मेमरी दाखवते) आणखी ५०० एमबी गेलेली दिसेना. माझ्या वहीत असा ताळा लागला असता तर मालकांनी घरी बसवलं असतं.

हरिपूरकर:
काका, आमच्या गावची हळदीची पेवं, म्हणजे माल साठवायची जमिनीखालची कोठारं, आठवा. (२००५ च्या पुरानंतर बरीच गेली, पण तुम्ही पाहिली असतील.) समजा, दोन व्यापारी आपापल्या वहीत "पेव नं. ७" लिहितात. खरं पेव कुठलं, ते मालकाच्या नोंदवहीत. एकाचं ७ म्हणजे ओढ्याकडचं, दुसऱ्याचं ७ म्हणजे देवळामागचं. ती नोंदवही म्हणजे पेज टेबल, प्रत्येक प्रोसेसची वेगळी. लिहून ठेवतो कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा), दर वेळी उघडून बघतो प्रोसेसरमधला एमएमयू (पत्ते बदलून देणारा भाग).

फोर्क झालं की आधी फक्त नोंदवहीची नक्कल होते, माल जागचा हलत नाही. दोघांची नोंद एकाच पेवाची, वर शेरा: "फक्त बघा". चाइल्ड लिहायला गेला की प्रोसेसर अडवतो, कर्नल तेवढंच ४०९६ बाइटचं पान (मेमरीचा एक तुकडा) दुसरीकडे उतरवतो आणि चाइल्डची नोंद बदलतो. आता चाइल्डमध्ये अख्खा ॲरे भरा आणि मग फ्री बघा.

पत्ता दर खेपेला बदलतो तो चोरांसाठी. माल कुठे आहे याचा अंदाज बांधता येऊ नये.

धागाकर्ता:
केलं! चाइल्ड ॲरे भरत गेला तसा मोकळ्या मेमरीचा आकडा उतरत गेला. पण हिशेबनीस आहे, सवय जात नाही. दर ४०९६ बाइटला एक नोंद म्हटली, तर एवढ्या मोठ्या पत्त्यांसाठी ती वही ठेवायलाच वेगळं पेव लागेल की!

हरिपूरकर:
बरोबर धरलंत. म्हणून वही एकसंध नसते. तुमच्या लॅपटॉपवर बहुधा चार पातळ्यांची असेल (वरची वही खालची वही कुठे ते सांगते), आणि जिथे माल नाही त्या भागाची वहीची पानं बांधलीच जात नाहीत.