मायक्रोवेव्ह बेंचवर फोटॉनिक क्रिस्टलने दोन वारंवारता वेगळ्या करायच्या आहेत, मार्गदर्शन हवे

नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मी एम.एस्सी.ला भौतिकशास्त्र शिकवतो. ग्रामपंचायतीत आलेल्या भारतनेटच्या एकाच फायबरमधून १४९० नॅनोमीटरचा प्रकाश गावाकडे येतो आणि १३१० नॅनोमीटरचा परत जातो, मग हे दोन्ही वेगळे कसे होतात, हा प्रश्न दोन विद्यार्थिनींनी प्रकल्पासाठी घेतला आहे. अशा ठिकाणी सहसा पातळ थरांचा फिल्टर असतो, आणि कमी-जास्त अपवर्तनांकाचे थर एकाआड एक रचलेला तो फिल्टर म्हणजे एकमितीय फोटॉनिक क्रिस्टलच (ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येणारी, काही तरंगलांब्यांना अडवणारी रचना) होय. हेच काम त्यांना द्विमितीय रचनेत करून दाखवायचे आहे.

सिलिकॉनच्या पापुद्र्यात सुमारे ४०० नॅनोमीटर अंतराने छिद्रे पाडणे आमच्या आवाक्यातले नाही. मात्र रचना ज्या पटीत मोठी करावी त्याच पटीत तरंगलांबी वाढते, आणि भौतिकशास्त्रज्ञ एली याब्लोनोविच यांनीसुद्धा १९९१ मध्ये त्रिमितीय निषिद्ध पट्टा (ज्यातील वारंवारतांच्या लाटा रचनेतून जाऊ शकत नाहीत असा पट्टा) मायक्रोवेव्हमध्येच दाखवला होता. क्लायस्ट्रॉनचे (मायक्रोवेव्ह निर्माण करणाऱ्या निर्वात नळीचे) बेंच आमच्याकडे आहे. ते साधारण ८.५ ते ९.६ गिगाहर्ट्झपर्यंत चालते. (भारनियमनाच्या वेळा सांभाळून वाचने घ्यावी लागतात, तो भाग वेगळा.)

अॅल्युमिनाच्या (अॅल्युमिनियम ऑक्साइडच्या) ५ मिलिमीटर जाडीच्या सळ्या चौकोनी जाळीत १२.५ मिलिमीटर अंतरावर उभ्या केल्यास, विद्युतक्षेत्र सळ्यांना समांतर असताना, सुमारे ७.७ ते १०.५ गिगाहर्ट्झचा निषिद्ध पट्टा मिळतो. त्यातील एक सळी काढली की तिथे लाट अडकून राहील अशी पोकळी तयार होते; तिची वारंवारता ९.१ गिगाहर्ट्झच्या आसपास येते, आणि काढलेल्या सळीच्या जागी बारीक सळी ठेवली तर ही वारंवारता खाली उतरते. म्हणजे दोन वेगळ्या पोकळ्या, दोन वेगळ्या वाटा. अडचण अशी की अॅल्युमिनाच्या लांब सळ्या महाग पडतात. प्रयोगशाळेतल्या काचकांड्या चालतील का? आणि एक रांग काढून केलेल्या वाटेच्या कडेला पोकळी ठेवल्यास शक्ती पूर्णपणे तिच्या फाट्याकडे वळेल का?

प्रतिसाद:

सर, काचकांड्यांवर भिस्त ठेवू नये. काचेचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक अॅल्युमिनाच्या निम्म्याच्या आसपास असल्यामुळे पट्टा पुष्कळ अरुंद होतो, पोकळीतील क्षेत्र दूरवर पसरते आणि रांगा वाढवाव्या लागतात. त्याऐवजी सळ्या आखूड करा. अॅल्युमिनियमचे दोन सपाट पत्रे १० मिलिमीटर अंतरावर ठेवले, तर हे अंतर अर्ध्या तरंगलांबीहून कमी असल्याने रचना खरोखरच द्विमितीय राहते, आणि आपल्या वेव्हगाइडची (मायक्रोवेव्ह वाहून नेणाऱ्या धातूच्या नळीची) आखूड बाजूही जवळजवळ तेवढीच असल्यामुळे तो थेट कडेला जोडता येतो. एका लांब सळीचे अनेक तुकडे होतील. मात्र तुकड्यांची टोके घासून सपाट करून घ्या, कारण विद्युतक्षेत्र पत्र्यांना लंब असते आणि सळीच्या टोकाशी केसाएवढी फट राहिली तरी वारंवारता वर सरकते.

कडेच्या एकट्या पोकळीने सरळ वाटेतून जास्तीत जास्त निम्मी शक्ती काढता येते, उरलेली मागे-पुढे जाते. वाटेचे पुढचे टोक सळ्यांनी बंद करून, परावर्तित लाट पोकळीपाशी योग्य कलेत (फेजमध्ये) पोहोचेल असे अंतर ठेवले, की हे प्रमाण बरेच वाढते. पण दोन पोकळ्यांसाठी ते अंतर एकदम जुळवणे किचकट आहे. विद्यार्थिनींकडून आधी एकच पोकळी, तीही वाटेच्या मधोमध ठेवून, मोजून घ्यावी.