मदत हवी आहे: पांडवलेणीतली बुद्धमूर्ती मुलांना कशी समजावू?

नमस्कार मंडळी. रविवारी सोसायटीतल्या सातवी-आठवीच्या मुलांना घेऊन नाशिकच्या पांडवलेणीला (बौद्ध लेणी) जायचंय. चार आर्यसत्यं, अष्टांगिक मार्ग सांगणं जमेल; अडतंय ते शिल्पांपाशी. ३ नंबरच्या लेण्यात मागच्या भिंतीवर स्तूप कोरलाय, बुद्धमूर्ती नाही. आधीच्या काळात स्तूप, बोधिवृक्ष, धर्मचक्र यांतूनच बुद्ध सुचवत, इथपर्यंत ठीक. पण २० नंबरात थेट भव्य मूर्ती, दोन्ही बाजूंना चवरीधारी (चवरी ढाळणारे)! हे दोघे बोधिसत्त्व (बुद्धत्वाच्या वाटेवरचे) की नुसते सेवक? ओळखायची खूण काय? आणि मुलांना स्वतः करून बघता येतील अशा बुद्धमूर्तींच्या सोप्या मुद्रा (हातांच्या खुणा) कोणत्या? (लेण्यांचा पांडवांशी संबंध नाही हे आधीच सांगितलंय, दोघं-तिघं हिरमुसलीच.) जाणकारांनी शनिवारपर्यंत सांगितलं तर बरं होईल.