एव्हिएशन इन्शुरन्स लॉमध्ये जाऊ का? विमानातलं ओ की ठो कळत नाही

गोंधळलेली_वकील
चार वर्षं झाली इन्शुरन्स क्लेम्सवर काम करतेय, आगीचे, मशिनरीचे, थोडे मरीन कार्गोचे. आता आमच्याच फर्मच्या एव्हिएशन टीममध्ये जागा झालीय आणि सीनियर विचारतायत येतेस का. तिथला एक जण तर आधी पायलट होता! मी आधी एअर लॉचं एलएलएम करावं का? आणि एकदा शिरलं की परत बाहेर पडता येतं का? खरं सांगायचं तर रोज अपघाताचे फोटो बघायचे या विचारानेच पोटात गोळा येतोय.

स्लिप_वाचणारा
एलएलएमचं नंतर बघा, आधी जा. क्रॅश वगैरे क्वचित येतात हो, माझी पहिली फाइल म्हणजे बेल्ट लोडर (विमानात सामान चढवणारी पट्ट्याची गाडी) मागे घेताना दरवाज्याखाली पडलेला पोचा, फोटोत शेजारी पट्टी धरलेली, आणि त्यावर आठ महिने भांडण. कारण आयाटाच्या (विमान कंपन्यांची जागतिक संघटना) स्टँडर्ड ग्राउंड हँडलिंग अ‍ॅग्रीमेंटच्या कलम ८ प्रमाणे हँडलरच्या (विमानतळावर सामान वगैरे हाताळणारी कंपनी) निष्काळजीपणाने विमानाचं नुकसान झालं तर त्याची जबाबदारी एअरलाइनच्या हल पॉलिसीच्या (खुद्द विमानाचा विमा) डिडक्टिबलपर्यंतच (नुकसानीचा जो भाग एअरलाइन स्वतः सोसते), आणि तीही जास्तीत जास्त १५ लाख डॉलर, म्हणजे त्यावरचं हल इन्शुरर भरणार आणि मग हँडलरकडे सब्रोगेशनने (भरलेले पैसे दोषीकडून वसूल करायला) जायला वाव जवळजवळ नाहीच. आता सांगा यात विमान कुठे आलं? सगळं काँट्रॅक्ट आणि पॉलिसी.

रशियात अडकलेल्या लीझच्या विमानांचंही तेच. लेसर (विमानं भाड्याने देणारे) म्हणतात पैसे द्या, ऑल रिस्कवाले (नेहमीच्या नुकसानीचा विमा देणारे) म्हणतात हे वॉरचं, वॉरवाले (युद्ध, सरकारी जप्ती वगैरेचा विमा देणारे) म्हणतात आमचं नाही. जून २०२५ मध्ये लंडनच्या हायकोर्टाने वॉर रिस्क धरली, कारण विमानं अडकली ती रशियन सरकारच्या मार्च २०२२ च्या निर्यातबंदीमुळे. तुमचं प्रॉक्सिमेट कॉज (नुकसानीचं खरं, मुख्य कारण) पक्कं असेल तर अर्धी लढाई तिथेच झाली.

रिव्हेट_मोजणारा
मी सर्व्हेअर (विम्यासाठी नुकसान तपासणारा), वकील नाही. ताई, टेक्निकल आम्ही सांगू, पण विचारायची लाज नको. नवीन वकील मान हलवत राहतात आणि उलटतपासणीत तोंडघशी पडतात. आणखी एक, अपघात चौकशीचा रिपोर्ट म्हणजे निकालपत्र समजू नका. शिकागो कन्व्हेन्शनच्या (नागरी विमानवाहतुकीचा आंतरराष्ट्रीय करार) अ‍ॅनेक्स १३ मध्ये साफ लिहिलंय की चौकशी फक्त पुढचे अपघात टाळायला, दोष किंवा जबाबदारी ठरवायला नाही. त्यामुळे दोष कुणाचा हे तुम्हाला वेगळ्या पुराव्याने दाखवावं लागतं. मेंटेनन्सचे लॉग वाचायला शिका, सही कोणाची, तारीख काय, पार्ट नंबर जुळतो का. कंटाळवाणं आहे पण केस तिथेच सापडते.

दोन_वर्षं_संपली
सगळे हलबद्दलच बोलतायत, प्रवाशांचे क्लेम विसरू नका. माँट्रियल कन्व्हेन्शन १९९९ (आंतरराष्ट्रीय विमानप्रवासातल्या भरपाईचा करार) तोंडपाठ करा, विशेषतः कलम १७ (प्रवाशाला इजा झाली तर एअरलाइनची जबाबदारी) आणि ३५. १७ मधल्या 'अ‍ॅक्सिडेंट' या एका शब्दावर किती निकाल आहेत! ट्रेवरची गरम कॉफी लहान मुलीवर सांडली, का सांडली तेही कळलं नाही, तरी २०१९ मध्ये युरोपियन कोर्टाने तो अ‍ॅक्सिडेंटच म्हटलं. आणि ३५ म्हणजे दावा लावायची दोन वर्षांची मुदत, गेली की हक्कच संपतो. मी हे नाव उगाच नाही घेतलं 😑 क्लायंटच्या वतीने तडजोडीची बोलणी छान चालली होती, दुसरी बाजू गोड गोड ईमेल करत होती, आणि दोन वर्षं उलटल्यावर उत्तर आलं की सॉरी.

फोटोंचं खोटं नाही सांगणार. मोठा अपघात आला की नातेवाइकांची स्टेटमेंट्स वाचावी लागतात, ती फोटोंपेक्षा जड जातात. मी तेव्हा दोन महिने दुसऱ्या फाइल्स मागून घेतल्या होत्या, कोणी काही बोललं नाही.

गोंधळलेली_वकील
बापरे, नाव वाचून हसले होते, आता नाही हसणार. पोच्याची फाइल मला जमेल असं वाटतंय. बाहेर पडायचं कोणीच सांगितलं नाही पण.

स्लिप_वाचणारा
पडता येतं, रीइन्शुरन्समध्ये (विमा कंपन्यांचाच विमा) किंवा मरीनमध्ये बरेच जातात, पॉलिसीची भाषा तीच. आठ वर्षांपूर्वी मीपण हेच विचारलं होतं, अजून इथेच आहे. उद्या सीनियरना हो सांगताना एवढंच मागून घ्या, पहिले सहा महिने एक तरी फाइल सर्व्हेअरबरोबर हँगरमध्ये जाऊन बघायला मिळू दे.